आणखी एक टेक

११ जून २०२५ला ‘बीच बॉइज’ या अमेरिकन बँडची गाणी रचणारा ब्रायन विल्सन गेला, वयाच्या ८२व्या वर्षी. आमच्या रेकॉर्डिंगवाल्यांच्या ग्रुपवर दिवसभर त्याच दोन गोष्टी फिरत होत्या: घरात वाळू टाकून घेतली आणि तिच्यात पियानो ठेवला, आणि आगीचं संगीत वाजवून घेताना वादकांना फायरब्रिगेडची खेळण्यातली हेल्मेटं घालायला लावली. (वाळूचा खरा उपयोग त्याच्या कुत्र्यांनी केला, ते कुणी सांगत नाही.) खाली एकाने लिहिलंच, ‘असं वेड असल्याशिवाय असं संगीत होत नाही.’ तिथे माझं डोकं फिरलं.

सदाशिव पेठेत जुन्या वाड्याच्या जागी झालेल्या इमारतीत माझा छोटा स्टुडिओ आहे. भावगीतं, जिंगल्स, निवडणूक आली की प्रचारगीतं. त्यामुळे मला ती वाळू नाही, बँडच्या ‘पेट साउंड्स’ या अल्बमच्या टेप्स जास्त महत्त्वाच्या वाटतात. त्या अल्बमची सेशन्स, म्हणजे स्टुडिओतली कच्ची रेकॉर्डिंग्ज, १९९७मध्ये बॉक्स सेट म्हणून निघाली. १९६६चा तेवीस वर्षांचा पोरगा काचेआड बसलाय. समोर ड्रम्सवर हॅल ब्लेन, बेसवर कॅरल काय, लॉस एंजेलिसमधले पक्के सेशनवाले, तीन तासांच्या सेशनवर पैसे घेणारे. दोन मात्रा वाजतात, तो थांबवतो, एकालाच एकच गोष्ट सांगतो, पुन्हा सुरू. आरडाओरडा नाही, की ‘जरा फील आणा’ नाही. काय हवंय ते त्याला आधीच ऐकू आलेलं आहे, आणि तेही एका कानाने. उजव्या कानाने लहानपणापासून त्याला जवळजवळ ऐकू येत नसे, म्हणून शेवटचा मिक्स मोनो, म्हणजे दोन्ही कानांना एकच.

बऱ्याच गाण्यांत अख्खा वाद्यमेळ टेपच्या एका ट्रॅकवर, म्हणजे एका पट्टीवर, उतरवून उरलेल्या ट्रॅकवर गाणाऱ्यांचे आवाज घेतलेत. एकदा उतरवला की संपलं. मागाहून हॉर्न थोडा वर, अ‍ॅकॉर्डियन थोडं खाली असं करता येत नाही. आज माझ्याकडे गाण्याला सत्तर-ऐंशी ट्रॅक येतात, आणि त्यातल्या निम्म्यांचा निर्णय कुणीच घेतलेला नसतो.

‘गुड व्हायब्रेशन्स’ हे एकच गाणं त्याने चार स्टुडिओंत, तुकड्यातुकड्याने, काही महिने घासलं. पण पुरं केलं. मग ‘स्माइल’ हा पुढचा अल्बम. पद्धत तीच, माणसंही बरीचशी तीच, आणि काम काही संपेना. नोव्हेंबर १९६६मध्ये त्यातला तो आगीचा तुकडा वाजवून झाला. आसपास कुठेतरी खरंच आग लागली आणि ती आपल्या संगीतानेच लागली असं त्याने मनाशी घेतलं. १९६७च्या मे महिन्यात अल्बम बासनात.

‘आणखी एक टेक’ तो दोन्ही वेळा म्हणत होता. आधी त्यामागे कारण होतं, नंतर भीती होती. बाहेरून ऐकणाऱ्याला दोन्ही परफेक्शनच वाटतं.

हेडफोन लावून बसणाऱ्याला मात्र फरक लगेच कळतो. एक गायिका म्हणते, “दादा, अंतऱ्याच्या दुसऱ्या ओळीतली जागा निसटली, तेवढीच घेऊ.” मी पंच करतो, म्हणजे तेवढाच तुकडा पुन्हा घेतो, विषय संपतो. दुसरी म्हणते, “अजून एकदा.” काय झालं? “काही नाही हो दादा, काहीतरी कमी वाटतंय.” आवाज स्वच्छ, सूर जागेवर, आणि तिची नजर काचेतून माझ्या मागच्या सोफ्याकडे. तिथे बाबा बसलेले असतात.

बाबांवरून मरी विल्सन आठवतोच. ब्रायनचा बाप, स्वतः बेताचा गीतकार. १९६४मध्ये पोरांनी त्याला बँडच्या मॅनेजरपदावरून काढलं, तरी पुढच्या वर्षी तो रेकॉर्डिंगला येऊन बसला. ती टेप ऐकायला मिळते. तो मध्येच घुसतो, मनापासून गा म्हणतो, मीही जीनियस आहे म्हणून ऐकवतो. ब्रायन आधी समजावतो, मग चिडतो. मला ती सबंध ऐकवत नाही. याच बापाने १९६९मध्ये ब्रायनच्या गाण्यांचे हक्क सात लाख डॉलरला विकून टाकले. पुढे यूजीन लँडी नावाचा मानसतज्ज्ञ आला. तो आधी उपचार करायचा, मग गाण्यांच्या श्रेयातही नाव लावू लागला. १९९२मध्ये कोर्टानेच त्याला दूर केलं. या सगळ्यात ब्रायन खरोखर आजारी होता, त्याला नसलेले आवाज ऐकू यायचे. त्याला वेड म्हणून टाळ्या वाजवणाऱ्यांनी चांगलं काम कुठल्या वर्षी झालं आणि थांबलं कुठल्या वर्षी, एवढं तरी बघावं.

‘स्माइल’ अखेर फेब्रुवारी २००४मध्ये लंडनच्या रॉयल फेस्टिव्हल हॉलमध्ये सबंध वाजलं. त्याच्या साथीदारांतल्या डॅरियन सहानाजाने जुने तुकडे लॅपटॉपवर घेतले, मूळ गीतकार व्हॅन डाइक पार्क्स मदतीला आला. कॉम्प्युटरमुळे जमलं असं म्हणतात. मला वाटतं, कार्यक्रम आधीच जाहीर झाला होता आणि शेजारी धीराची माणसं होती, म्हणून जमलं.

माझ्याकडेही तारखेची सोय आयती आहे. पावसाळ्यात नदीपात्रात ढोल-ताशा पथकांचा सराव सुरू झाला की संध्याकाळी माइक उघडायची सोय नाही. फोम लावा, गोधड्या टांगा, ढोलाचा ठोका भिंतीतून आत येतोच. त्या सोफ्यावरच्या बाबांना मी सांगितलंय, गाण्याचे आवाज जूनमध्ये संपवायचे, आणि रेकॉर्डिंग चालू असताना तुम्ही खाली अमृततुल्यमध्ये बसायचं. पहिली अट त्यांनी लगेच मान्य केली. दुसरीवर अजून घासाघीस चालू आहे.