आवाज याकोबाचा

स्पेनमधल्या सांतियागोच्या पायी यात्रेच्या वाटेवर कोणाशी ओळख झाली की दोन प्रश्न ठरलेले. कुठून निघालीस? आणि का चालते आहेस? दुसऱ्याचं उत्तर द्यायचं नसेल तर हसून बाटलीतलं पाणी प्यावं, कोणी राग मानत नाही. मी मात्र दर वेळी उत्तर दिलं. आणि दर वेळी वेगळं दिलं.

निघाले होते सारियातून. स्पेनच्या वायव्य कोपऱ्यात, गालिसियात हे गाव आहे. तिथून सांतियागो दे कोम्पोस्तेला साधारण 115 किलोमीटर. पूर्ण वाट पिरेनीज पर्वताच्या फ्रान्सकडच्या पायथ्यापासून सुरू होते, ती 780 किलोमीटरच्या आसपास भरते; तेवढी रजा आणि तेवढे गुडघे माझ्याकडे नव्हते. यात्रा केल्याच्या प्रमाणपत्रासाठी किमान 100 किलोमीटर पायी चालावं लागतं, म्हणून माझ्यासारखे पुष्कळ जण सारियातूनच चालू लागतात. महिनाभर चालून आलेले लोक आमच्या कोऱ्या करकरीत बुटांकडे बघून गालातल्या गालात हसतात. हसोत बापडे.

वारी म्हटलं की आपल्या डोळ्यांसमोर दिंडी येते, टाळ, एका तालात पडणारी पावलं. इथे तसं काही नाही. जो तो आपल्या चालीने चालतो, पाठीवरच्या पिशवीला एक शिंपला बांधलेला, आणि वाट दाखवायला भिंतींवर, झाडांवर, दगडांवर रंगवलेले पिवळे बाण. हे बाण 1980च्या दशकात ओ सेब्रेइरो गावच्या एलियास वालिन्या नावाच्या धर्मगुरूने रंगवायला सुरुवात केली. तो माणूस मला फार आवडून गेला. मोडीत निघालेल्या वाटेवर एक धर्मगुरू रंगाचा डबा घेऊन हिंडतो आहे, आणि आता लाखो लोक त्या फराट्यांच्या भरवशावर चालतात. त्याने उपदेश काय केले ते कोणाला आठवत नाही, बाण तेवढे राहिलेत.

माझं उलटं होतं. माझे शब्दच लोकांना आठवतात. आमच्या मंडळीत, म्हणजे चर्चमध्ये, प्रार्थनेची वेळ आली की पाळकसाहेब मान न वळवता माझं नाव घेतात. मला प्रार्थना चांगली करता येते. कुठे थांबायचं, कुठे आवाज खाली आणायचा, कोणतं वचन कोणत्या दुःखाला लावायचं, हे हाताला बसलं आहे. लोक रडतात. नंतर हात हातात घेतात. आणि घरी, दार लावून, जिथे कोणी ऐकत नाही तिथे, मी गेली कित्येक वर्षं एक वाक्यही बोलले नव्हते. बोलायला बसायची आणि स्वतःचाच आवाज ऐकू यायला लागायचा, मंडळीतला. मग उठून भांडी आवरायची.

डोंगरावरच्या प्रवचनात येशू अशा लोकांना ढोंगी म्हणतो. मूळ ग्रीक शब्द 'हुपोक्रितेस', म्हणजे रंगमंचावरचा नट. नट वाईटच असतो असं नाही. त्याला टाळ्या मिळतात, त्या खऱ्या असतात. फक्त त्या पात्राला मिळतात.

पहिल्या दिवशी संध्याकाळी पोर्तोमारीनला पोचलो. मिन्यो नदीवरचा लांब पूल ओलांडायचा आणि मग समोर उभा राहतो तो पायऱ्यांचा जिना, दिवसभर चालून आलेल्या माणसाची थट्टा करायलाच बांधल्यासारखा. जुनं पोर्तोमारीन खाली पाण्यात आहे. 1960च्या दशकात धरण झालं, गाव बुडालं, पण बुडण्याआधी लोकांनी देऊळ दगड न् दगड सुटा करून टेकडीवर आणून पुन्हा रचलं. दगडांवर तेव्हा घातलेले आकडे अजून दिसतात. मी भिंतीला नाक लावून ते वाचत उभी राहिले. काही पुसट, काही आत्ता घातल्यासारखे. एका दगडावर हात ठेवला तर तो उन्हाने अजून कोमट होता. किल्ल्यासारखं दणकट देऊळ, आणि अंगावर सगळीकडे असे आकडे, कुठला तुकडा कुठे बसवायचा त्याचे. कोणी ते घासून काढले नाहीत याचं मला बरं वाटलं.

आता त्या जेवणाबद्दल सांगायला हवं. टाळत होते.

दुसऱ्या रात्री मुक्काम पालास दे रेईला, यात्रेकरूंच्या निवाऱ्यात. दुमजली पलंगांची रांग, एका रात्रीपुरती जागा, दहा वाजता दिवे बंद. एका लांब टेबलावर आम्ही आठ-दहा जण सूप पीत होतो. शेजारी स्पेनचेच एक निवृत्त शिक्षक, समोर एक जर्मन तरुण, त्याच्या पलीकडे पोलंडची एक परिचारिका. तिघांशीही त्या दोन दिवसांत मी वेगवेगळी चालले होते. गप्पांच्या ओघात शिक्षक त्या मुलाला आदराने म्हणाले, ही बाई प्रभूवरच्या प्रेमाखातर इतक्या लांबून आली आहे. मुलगा गोंधळला. म्हणाला, मला तर तिने सांगितलं, धर्माबिर्माशी संबंध नाही, कामाच्या ताणातून सुटका म्हणून चालते आहे. मग दोघंही माझ्याकडे नाही, त्या परिचारिकेकडे बघायला लागले, कारण तिने चमचा खाली ठेवला होता. तिला मी सांगितलं होतं की मी माझ्या आईसाठी चालते आहे. आई चार वर्षांपूर्वी गेली. तिची आठवण येते हे खरं. तिच्यासाठी चालत होते हे खोटं. तिने स्वतःच्या आईबद्दल सांगितलं होतं, म्हणून मीही आई काढली.

कोणी काही बोललं नाही. तेच जास्त लागलं. त्या मुलाने पावाची टोपली माझ्याकडे सरकवली.

रात्री वरच्या पलंगावर मोबाईलच्या उजेडात पवित्र शास्त्रातलं उत्पत्तीचं पुस्तक उघडलं. त्यालाही कारण होतं. ज्या संताच्या नावाने ही वाट आहे तो येशूच्या बारा शिष्यांपैकी एक, जब्दीचा मुलगा, योहानाचा भाऊ. सांतियागो म्हणजे संत याकोब. इंग्रजीत त्याला जेम्स म्हणतात आणि जुन्या करारातल्या कुलपित्याला जेकब, त्यामुळे दोन्ही नावं एकच आहेत हे कानाला कळतच नाही. आपल्या मराठी पवित्र शास्त्रात मात्र दोघंही याकोबच. दिवसभर याकोबाच्या वाटेवर चालताना माझ्या डोक्यात तो दुसराच याकोब घोळत होता, करडांची कातडी हातांना गुंडाळून आंधळ्या बापापुढे उभा राहिलेला.

बाप विचारतो, तू कोण? तो म्हणतो, मी एसाव, म्हणजे त्याचा थोरला, केसाळ हातांचा भाऊ. बाप चाचपडतो. आवाज तर याकोबाचा वाटतो, हात एसावाचे आहेत. आणि आशीर्वाद देतो. लहानपणापासून ऐकलेली गोष्ट, पण त्या रात्री पहिल्यांदा ध्यानात आलं की याकोबाला आशीर्वाद मिळाला खरा, पण तो एसावाचं नाव सांगून. त्याने तो घेतला आणि पळाला. पुढची वीस वर्षं मामाकडे राबला. मला लोकांनी दिलेलं प्रेम असंच आहे. खरं आहे, भरभरून आहे, आणि माझ्यापर्यंत पोचत नाही, कारण घेताना नाव दुसरंच सांगितलेलं असतं.

पुढे यब्बोक नदीच्या उताराजवळ, पुन्हा अंधारात, कोणीतरी रात्रभर त्याच्याशी झुंजतो आणि पहाटे तोच प्रश्न विचारतो. तुझं नाव काय? विचारणाऱ्याला नाव ठाऊक असणारच. ते याच्या तोंडून यायला हवं असतं. या वेळी तो म्हणतो, याकोब. एवढंच. आणि तिथेच त्याला नवं नाव मिळतं, आशीर्वाद मिळतो, आणि जन्माचं लंगडणंही.

लंगडणं मलाही मिळालं, पण त्यात अध्यात्म काही नव्हतं. उजव्या टाचेला लिंबाएवढा फोड आला होता. सकाळी बाहेर पाऊस, आणि त्या दिवशी आर्सुआपर्यंत सुमारे 29 किलोमीटर. तासाभराने एका धान्याच्या कोठाराच्या आडोशाला बसले. गालिसियात ही कोठारं दगडी खांबांवर उभी असतात, उंदीर चढू नयेत म्हणून. बूट काढत होते तेवढ्यात ती परिचारिका मागून आली. तिने काही विचारलं नाही. माझा पाय स्वतःच्या मांडीवर घेतला, सुई जंतुनाशकाने पुसली, फोडाच्या कडेला टोचली, कापसाने हळूहळू पाणी दाबून काढलं. मी वरची कातडी ओढायला गेले तर हातावर चापट मारली. म्हणाली, राहू दे ती. खालची तयार झाली की आपोआप निघेल.

मग पट्टी लावता लावता, वर न बघता म्हणाली, आता खरं सांग.

मी सांगितलं. माझं इंग्रजी बरं आहे पण त्या वेळी मोडकंच आलं, आणि ते एका अर्थी बरं झालं. सजवता आलं नाही. म्हटलं, मी देवाशी बोलते ते लोकांना ऐकू यावं म्हणून. लोक नसले की मला बोलता येत नाही. आणि मला भीती वाटते की ते सगळं काढून टाकलं तर आत कोणी नसेल.

तिने नाडी बांधली. म्हणाली, मग आज बोलू नकोस, चाल.

त्या दिवशीबद्दल फार सांगण्यासारखं नाही. पाऊस, निलगिरीच्या ओल्या सालींचा वास, टाच. कोणी का चालतेस विचारलं नाही. दुपारनंतर कधीतरी माझ्या लक्षात आलं की मघापासून मी 'प्रभू, दुखतंय' एवढंच म्हणते आहे, दर पावलाला, आणि ते मी कोणाला ऐकवत नाही. आवाज माझाच होता. जरा चिरका, लहानपणी होता तसा.

लावाकोल्याच्या ओढ्यावर जुन्या काळी यात्रेकरू सांतियागोत शिरण्याआधी अंग धूत, आता जवळच विमानतळ आहे. पुढे मोन्ते दो गोसो, आनंदाची टेकडी, जिथून संत याकोबाच्या देवळाचे मनोरे पहिल्यांदा दिसतात. मला धुकं दिसलं. शहरात शिरल्यावर लोक चौकात दगडांवर आडवे होऊन मनोऱ्यांकडे बघत रडतात. मी बूट काढून बसले. पाठपिशवी घेऊन देवळात सोडत नाहीत, ती आधी कुठेतरी ठेवावी लागते. मिस्साच्या, म्हणजे कॅथलिक उपासनेच्या, वेळी मी मागे बसून राहिले, प्रभुभोजनाला पुढे गेले नाही, कारण मी प्रोटेस्टंट आणि ते त्यांच्या नियमात बसत नाही. पूर्वी असते तर गेले असते, कोणाला कळणार आहे म्हणून.

यात्रेकरूंच्या कार्यालयात चालण्याचा हेतू नोंदवावा लागतो. धार्मिक, धार्मिक आणि इतर, की धार्मिक नाही. मी बराच वेळ त्या तीन पर्यायांकडे बघत राहिले, मागचे लोक ताटकळले. शेवटी 'धार्मिक आणि इतर' निवडलं. इतर म्हणजे काय ते कोणी विचारलं नाही.

घरी परतल्यानंतरच्या पहिल्या रविवारी पाळकसाहेबांनी नेहमीप्रमाणे माझं नाव घेतलं. उभी राहिले. डोळे मिटले आणि काही येईना. बाकं करकरली, एक मूल काहीतरी विचारत होतं, त्याला आईने गप्प केलं. मग मी म्हटलं, प्रभू, आम्ही इथे आहोत. थोड्या वेळाने आणखी एक वाक्य. आणि आमेन.

बाहेर पडताना एका आजींनी दंड धरला. "बाळा, बरं नव्हतं का आज?"

"हो आजी, पाय जरा दुखतोय," मी म्हणाले.

पाय अजिबात दुखत नव्हता. फाटकापर्यंत गेले आणि परत फिरले. आजी अजून पायरीवरच होत्या, चप्पल शोधत.