अर्ज मागे घ्यायला आलेला प्रेस ऑपरेटर

नुकसानभरपाई कशी मागायची हे विचारायला आमच्याकडे बरेच जण येतात. पण आधीच दिलेला अर्ज मागे कसा घ्यायचा हे विचारायला कोणी आलं, की ते प्रकरण डोक्यातून जात नाही. भोसरी एमआयडीसीतल्या एका प्रेसशॉपमधला, म्हणजे लोखंडी पत्रा कापणाऱ्या-दाबणाऱ्या मशीनच्या कारखान्यातला, पंचवीस वर्षांचा मुलगा २०२३ साली वडिलांना घेऊन आला तो त्यासाठीच. ईएसआयच्या (कर्मचारी राज्य विमा महामंडळाच्या) शाखा कार्यालयात अर्ज दिला होता त्याच्या चुलतभावाने, याला न विचारता.

“मिटवून टाका, साहेब. माझंच लक्ष नव्हतं.” एवढंच तो बोलला. उजवा हात टेबलाखाली होता.

मी अपघातग्रस्त कामगारांचे कागद तयार करून देतो. कागद पाहिले. तर्जनीची दोन पेरं आणि मधल्या बोटाचं एक पेर गेलेलं. खाजगी रुग्णालयाच्या डिस्चार्ज कार्डावर कारण लिहिलं होतं: ‘घरी लोखंडी दारात बोटे सापडली.’ एक्स-रे खिडकीशी धरून पाहिला, तर दोन्ही बोटांची हाडं एकाच तिरक्या रेषेत कापलेली. दारात बोट चेमटतं, हाडाचे तुकडे होतात. अशी सरळ रेष डायच्या, म्हणजे प्रेसमधल्या साच्याच्या धारेचीच. कार्डावर दाखल झाल्याची वेळ होती सकाळी पावणेअकरा, म्हणजे पहिल्या पाळीची ऐन मध्यावरची वेळ, आणि सोबत आलेल्या माणसाच्या रकान्यात ठेकेदाराच्या सुपरवायझरची सही. घरात दाराला बोट सापडल्यावर सुपरवायझर कुठून आला, हे लिहून घेणाऱ्याला विचारावंसं वाटलं नाही. बिल कोण भरणार हे ठरलं की कारणही ठरतं, आणि ज्याची बोटं गेली तो त्या वेळी भूल उतरायची वाट पाहत पडलेला असतो.

“माझं लक्ष नव्हतं” हे वाक्य प्रेसवरच्या जवळजवळ प्रत्येक जखमी माणसाच्या तोंडी असतं. म्हणून मशीनबद्दल खोदून विचारलं. पन्नास टनी, सी-फ्रेमचा, की-क्लचवाला जुना प्रेस. पेडल दाबलं की किल्ली फ्लायव्हीलमध्ये, म्हणजे सतत फिरणाऱ्या जड चाकात अडकते, क्रँक एक पूर्ण फेरा मारतो, रॅम (वरून दाबणारा भाग) खाली येऊन वर जातो, किल्ली सुटते आणि ब्रेक क्रँकला वरच्या टोकाला धरून ठेवतो. किल्लीची स्प्रिंग थकली, तिची कड गोल झाली किंवा ब्रेकचं लायनर झिजलं, की रॅम वर थांबत नाही. पेडलवर पाय नसतानाही तो पुन्हा खाली येतो. शॉपमध्ये म्हणतात, प्रेसने डबल मारला. ऑपरेटरचा हात तेव्हा तयार जॉब (घडवलेला भाग) काढायला डायमध्ये गेलेला असतो. यात लक्ष असून काय उपयोग? आणि की-क्लच एकदा अडकला की अर्ध्या फेऱ्यात थांबतच नाही, त्यामुळे अशा प्रेसपुढे हात आड आला की मशीन थांबवणारा सेन्सरचा पडदा लावणं म्हणजे ऑडिटला दाखवायची सोय आहे, दुसरं काही नाही. त्याला डायभोवती पक्कं गार्ड लागतं, पट्टी सरकेल एवढीच फट ठेवून, आणि जॉब काढायला चिमटा किंवा चुंबकाची दांडी. इथे गार्ड होतं. सेटरने डाय बदलताना ते काढलं आणि परत लावलं नाही, कारण गार्ड असलं की पाळीचा आकडा निघत नाही. त्या आठवड्यात प्रेसने आधीही दोनदा डबल मारला होता. सुपरवायझरला सांगितल्यावर त्याने ब्रेकचा बोल्ट आवळून दिला होता.

ईएसआयमध्ये कामगाराचा हलगर्जीपणा झाला म्हणून हक्क जात नाही. इजा कामामुळे आणि कामावर असताना झाली, एवढं पुरतं. हे त्याला समजावलं तेव्हा तो पहिल्यांदा माझ्याकडे नीट पाहू लागला. पण तेवढ्याने त्याचं मत बदललं नाही.

ठेकेदाराने काय देऊ केलंय ते वडिलांनी सांगितलं. रुग्णालयाचं बिल त्याने भरलं होतं. वर चाळीस हजार रोख, आणि शंभराच्या स्टॅम्पपेपरवर ‘माझी कोणतीही तक्रार नाही’ म्हणून सही. चाळीस हजार एकरकमी, समोर मोजून दिलेले, हे लातूरकडच्या कोरडवाहू शेतीतल्या माणसाला थोडे वाटत नाहीत. मग आम्ही कागदावर हिशोब मांडला. त्याची मजुरी रोज ५६० रुपये. त्याच्या ९० टक्के म्हणजे ५०४. बरा होईपर्यंत कामावर जाता येत नाही त्या प्रत्येक दिवसाचे साधारण एवढे मिळतात, रविवार धरून. दोन महिने घरी बसला तर तेच तीस हजारांच्या वर. मग कायमच्या अपंगत्वाचं. कायद्याच्या परिशिष्टात तर्जनीच्या दोन पेरांना ११ टक्के आणि मधल्या बोटाच्या एका पेराला ७ टक्के आहेत. एकूण १८. ५०४ चे १८ टक्के म्हणजे दिवसाला ९० रुपये, महिन्याला २,७०० च्या आसपास, हयातभर. नोकरी चालू असली तरीही. ठेकेदाराचे चाळीस हजार पंधरा महिन्यांत वसूल होतात, आणि मुलगा पंचवीस वर्षांचा.

नोकरी करतानाही पेन्शन मिळते, हे बहुतेकांना खरंच वाटत नाही. ‘अपंग’ शिक्का बसला की गेटवरून परत पाठवतील, अशी सगळ्यांची धास्ती. याच्या घरी तर सोयरिकीचं बोलणं चालू होतं.

दुसरी अडचण नोंदणीची. चुलतभावाच्या अर्जानंतर ठेकेदाराने घाईने त्याची ईएसआयमध्ये नोंद केली आणि नेमणुकीची तारीख टाकली अपघातानंतरची, म्हणजे अपघाताच्या दिवशी हा कामावर नव्हताच. कामगार इथे हात टेकतात, आणि टेकू नयेत. नोंदणी नव्हती म्हणून हक्क जात नाही. ज्याच्यासाठी वर्गणी भरायला हवी होती तो विमाधारकच, वर्गणी भरलेली असो वा नसो. ठेकेदाराच्या माणसाची वर्गणी भरण्याची पहिली जबाबदारी मूळ कंपनीची असते. महामंडळ लाभ देतं आणि चुकवणाऱ्याकडून वसूल करतं. स्टॅम्पपेपरलाही काही किंमत नाही, कारण हा हक्क कोणाच्या नावे करून देता येत नाही आणि कोणाला विकतही घेता येत नाही. (हे १९४८ च्या कायद्यातलं. २१ नोव्हेंबर २०२५ पासून तो सामाजिक सुरक्षा संहितेत गेला आहे.)

लागतो तो फक्त पुरावा. त्याच्या मोबाईलमध्ये तो होता, त्याला ते पुरावे वाटत नव्हते एवढंच: ठेकेदाराने आधीच्या चार महिन्यांत फोनवरून पाठवलेले पगाराचे पैसे, सुपरवायझरचे ‘उद्या फर्स्टला ये’ असे मेसेज, प्रेससमोर काढलेला तारखेसह फोटो. गेटवरच्या आवक नोंदवहीची मागणी आम्ही लेखी केली. डिस्चार्ज कार्डावरची सुपरवायझरची सही सगळ्यात कामाची ठरली. खोटं कारण लिहिणाऱ्यांच्या हातून खरी सही राहून गेली होती.

एवढं सगळं मांडल्यावर वडील हळू आवाजात म्हणाले, “सायब, तुमचा हिशोब बरोबरच हाय. पर त्यानंच लेकराला कामाला लावलं. खोली त्याचीच. गावातली आणखी दोन पोरं त्याच्याकडंच हाईत. दिवाळीला उचल बी त्यानंच दिली. आता त्याच्यावरच केस करायची म्हंजे गावात तोंड कसं दाखवायचं?”

ठेकेदारावर केस नाही, महामंडळाकडे आपला हक्क मागायचा आहे, हे मी सांगितलं. ते खरंही आहे. आधीपासून नोंद असती तर ठेकेदाराच्या आणि कंपनीच्या खिशातून वर्गणीपलीकडे एक रुपया गेला नसता. कंपनीचे पगाराच्या सव्वातीन टक्के आणि कामगाराचे पाऊण टक्का, एवढ्यावर हे सगळं भागतं. त्या सव्वातीन टक्क्यांच्या बचतीसाठी माणसाकडून ‘दारात बोट सापडलं’ असं म्हणवून घेतात, याचा मला अजूनही संताप येतो. कामगार अडाणी असतात, त्यांना हक्क माहीत नसतात, म्हणून पोस्टर लावा, असं सांगणाऱ्या अधिकाऱ्यांनी या बापासमोर बसून पाहावं. त्याला हिशोब कळत होता. फक्त त्याच्या हिशोबात खोली, उचल, गाव आणि दुसऱ्यांची दोन पोरंही होती, आणि त्यासाठी परिशिष्टात टक्के नाहीत.

अर्ज मागे घेतला नाही. मुलानेच ठरवलं, आणि एका अटीवर. शाखा कार्यालयातल्या जबाबात तो प्रेसवर होता हे सांगणार, पण प्रेसने डबल मारला, गार्ड काढलेलं होतं, हे लिहायचं नाही. “चुलतभाऊ त्याच लायनीवर आहे,” तो म्हणाला. लाभ मिळायला मशीनचा दोष सांगावा लागत नाही, त्यामुळे मी आग्रह धरू शकलो नाही. अपघाताच्या अहवालात कारण आलं ते असं: ‘काम करताना हात डायमध्ये गेला.’ कारखाना निरीक्षकाने हा कागद वाचला तरी किल्ली, स्प्रिंग, लायनर यांतलं काहीच त्याला कळणार नाही.

चौकशी झाली, नेमणुकीची तारीख दुरुस्त झाली, मेडिकल बोर्डाने १८ टक्केच धरले. पेन्शन सुरू झाली. त्याच महिन्यात ठेकेदाराने चुलतभावाला आणि गावातल्या त्या दोन पोरांना ‘काम कमी आहे’ म्हणून थांबवलं. जखमी कामगार तात्पुरत्या अपंगत्वाचा लाभ घेत असताना त्याला कामावरून काढता येत नाही, हे त्या वेळच्या कायद्यात होतं. त्याच्या चुलतभावासाठी एकही कलम नव्हतं. ठेकेदाराची खोली या मुलानेही सोडली.

आता प्रेसवरचा कोणी आला की पगार आणि बोटांच्याही आधी मी विचारतो, तुझ्या गावचे, घरचे आणखी किती जण त्याच ठेकेदाराकडे आहेत. असतील तर त्यांचे पगाराचे मेसेज, हजेरीचे फोटो, पीएफचे नंबर अर्ज देण्यापूर्वीच गोळा करून ठेवतो, म्हणजे त्यांना थांबवलं तर निदान थकलेली मजुरी आणि पीएफ मागायला हातात काही असतं. हे विचारल्यानेही काही जण मागे फिरतात.