ताई, तुम्ही कुठल्या गटाच्या?

"ताई, आवंदा खासदारकीला उभं ऱ्हावा की! टीव्हीमुळं सगळी वळखत्यात तुमास्नी." कोल्हापुरात गंगावेशीत रात्री दूध प्यायला थांबले की हे ऐकायला मिळतं. २०२४ च्या निवडणुकीनंतर तर लग्नाच्या पंगतीतसुद्धा. तुम्हीही विचारलंत, म्हणून एकदा नीट सांगते.

पैशांची अडचण आहे, पण खरं कारण ते नाही. लोकसभेची अनामत पंचवीस हजार. एकूण वैध मतांच्या एक षष्ठांशाहून जास्त मतं पडली नाहीत तर ती जप्त होते. अपक्षाला अर्जावर सही करणारे दहा सूचक लागतात, ते माझ्या एका गल्लीत मिळतील. आणि अपक्ष निवडून येत नाही असं निदान कोल्हापुरात कुणी म्हणू नये. २००९ ला सदाशिवराव मंडलिक अपक्ष उभे राहिले आणि खासदार झाले. पण त्यांच्यामागं आयुष्यभर बांधलेला गट होता, हमिदवाड्याचा साखर कारखाना होता. माझ्यामागं एक कॅमेरामन आणि हातात एक बूम माईक.

टीव्हीतून गेलेल्यांची नावंही तुम्ही सांगता. इम्तियाज जलील वृत्तवाहिनीतून गेले, २०१४ ला आमदार झाले आणि २०१९ ला औरंगाबादेतून साडेचार हजारांच्या आत-बाहेरच्या फरकानं खासदार. आशुतोष २०१४ ला चांदनी चौकात हरले, सुप्रिया श्रीनेत २०१९ ला महाराजगंजला हरल्या. पत्रकारानं निवडणूक लढवू नये असं माझं मुळीच म्हणणं नाही. राजर्षी शाहू महाराजांच्या गावात तसं म्हणताही येणार नाही. ज्या 'मूकनायक' पाक्षिकाला महाराजांनी अडीच हजार रुपये दिले, ते काढणाऱ्या बाबासाहेबांनी पुढं १९५२ ला लोकसभा लढवलीच होती. हरले, तरी लढवली.

मग मी का नाही? त्यासाठी ऑगस्ट २०१९ कडं जावं लागेल.

पंचगंगेची धोक्याची पातळी ४३ फूट. त्या आठवड्यात राजाराम बंधाऱ्यावर पाणी ५५ फुटांवर गेलं. प्रयाग चिखलीला आम्ही बोटीतून गेलो. पाणी ओसरल्यावर पुन्हा गेलो, मग पुन्हा. घरात चिखल, भिंतीला ओल, दावणीला जनावर नाही. तिसऱ्या खेपेला एका मावशींनी चहा टाकला आणि म्हणाल्या, "कॅमेरा बंद कर, मग सांगते." कुणाच्या पडक्या घराचा पंचनामा झाला, कुणाचा राहिला, आणि यादी करताना शेजारी कोण उभं होतं, सगळं सांगितलं. नावासकट. मी कागदपत्रं पडताळली, बातमी केली, त्यांचं नाव कुठंही येऊ दिलं नाही.

हे त्यांनी मला का सांगितलं, याचा मी फार विचार केलाय. ओळखीचा चेहरा म्हणून नाही. कोल्हापूर जिल्ह्यात कुणी नवा माणूस दारात आला की पहिला प्रश्न असतो, "तुम्ही कुठल्या गटाचे?" दूध संघ, जिल्हा बँक, कारखाना, सोसायटी, सगळीकडं गट. मावशींनी मला तो प्रश्न विचारला नाही. विचारायची गरज पडली नाही, एवढीच माझी वीस वर्षांची कमाई.

उद्या मी अर्ज भरला की चंदगडपासून कोल्हापूर उत्तरपर्यंत सहा विधानसभा मतदारसंघांत कुणाच्या ना कुणाच्या गटाचा हात धरावा लागेल. त्याशिवाय बूथवर बसायला माणूस मिळत नाही. ते मला पाप वाटत नाही, राजकारण तसंच चालतं. पण त्या दिवशी चिखलीतला तो चहा मागं जाऊन प्रचाराचा चहा होईल. मावशींना वाटेल, ही तेव्हापासूनच मतं बांधत होती. आणि शिरोळ, नृसिंहवाडी, कुरुंदवाडच्या पुरातल्या लोकांचं काय? ते हातकणंगले मतदारसंघात येतात. पाणी दोन्हीकडं सारखंच चढलं होतं, आम्ही दोन्हीकडं गेलो होतो. उमेदवार म्हणून त्यातली निम्मी घरं माझ्या कामाची उरणार नाहीत.

कधी ठरवलंच, तर आधी नोकरी सोडेन, काही वर्षं बूम हातात न घेता गावोगाव फिरेन, आणि मग विचारेन. आज वाहिनीवर, उद्या व्यासपीठावर, हे माझ्यानं व्हायचं नाही. संसदेत आपल्या नदीविषयी बोलणारं माणूस हवंच, तुमची तळमळ मला कळते. म्हणून तर निवडून आलेल्यांना अलमट्टी धरणाबद्दल, पूररेषेतल्या बांधकामांबद्दल मी पुन्हा पुन्हा विचारते.

२०२१ च्या जुलैत पुन्हा पाणी वाढलं. पहाटे फोन वाजला. चिखलीच्या मावशी. पाणी पायरीला लागलंय म्हणाल्या. "आणि ह्या खेपेला कॅमेरा बंद करू नगंस. माझं नाव घालून सांगते."