ताडोब्यात पाहिलेली कोवळी शिंगं

जानेवारीत ताडोब्याला गेले होते, मोहर्ली गेट, सकाळची सफारी. थंडी एवढी की ब्लँकेटमधून हात बाहेर काढवत नव्हता. रस्त्याकडेला चितळांचा कळप दिसला, जिप्सी नेहमीसारखी पुढे निघाली तर मीच म्हटलं दादा थांबवा ना जरा, कारण कळपाच्या कडेला एक पोरसवदा नर उभा होता, डोक्यावर वीतभर दोन सरळ सुळके, फाटा नाही काही नाही, आणि त्यावर करडी मऊ लव. ऊन मागून येत होतं त्यामुळे ती लव कडेकडेने नुसती चमकत होती.

"पहिलीच शिंगं आहेत ताई त्याची. कच्ची आहेत अजून, आतून रक्त चालू आहे," गाईड म्हणाला.

मग तिथेच अर्धा तास गेला आणि मला तो अख्ख्या ट्रिपमधला सगळ्यात भारी अर्धा तास वाटतो. गाईचं किंवा काळविटाचं शिंग जन्मभराचं, वरून नखासारखं कवच आणि वाढ बुडातून. चितळाचं तसं नाही, ते चक्क हाड असतं, दरवर्षी गळतं आणि दरवर्षी नव्याने येतं, आणि वाढतं टोकाकडून, बांबूच्या कोंबासारखं. ती मखमल म्हणजे जिवंत कातडी, तिच्यातल्या रक्तवाहिन्या वाढत्या हाडाला पोसतात. वाढ पुरी झाली की शरीरातलं नर हार्मोन वाढतं, आतलं हाड टणक होतं, कातडीचं रक्त थांबतं, ती सुकते आणि नर झाडाला घासघासून सोलून काढतो. माजाचा काळ सरला की बुडाशी हाड झिजतं आणि शिंग गळून पडतं.

पहिल्या वेळी नुसते सुळके, पुढे फाटे फुटतात, पूर्ण वाढलेल्या नराला एका शिंगाला साधारण तीन टोकं. पण टोकं मोजून वय सांगू नये, खाणंपिणं कसं मिळालं त्यावरही बरंच अवलंबून असतं.

चितळांमध्ये सगळ्या नरांचं वेळापत्रक एक नसतं, म्हणून त्याच कळपात एक पक्क्या शिंगांचा मोठा नरही होता. "तो पहा, सागाले शिंग घासून राह्यला," गाईडने दाखवलं. पुढे नाल्याकाठी एक गळलेलं शिंग पडलेलं, त्यावर दातांच्या खुणा. साळिंदर कुरतडतात, हरणंसुद्धा चघळतात, कॅल्शियम मिळतं ना. ते उचलून आणायचं नाही हं, 1972 च्या वन्यजीव कायद्याने गुन्हा आहे, आणि जंगलाला ते परत हवंच असतं.

शिंगं कच्ची असताना नर शिंगाला शिंग लावत नाहीत म्हणे, भांडलेच तर मागच्या पायांवर उभे राहून पुढचे पाय मारतात. आमचा पोरगा काही भांडला नाही. मोठा नर जवळ आला तसा तो बाजूला झाला, आणि बांबूच्या बेटातून जाताना मान इतकी खाली, इतकी तिरकी करून गेला की एक काटकीसुद्धा त्या सुळक्यांना लागली नाही.