साडू, मेहुणे आणि एक राजा : सहाव्या हेन्रीच्या वाटेवरून

पंधराव्या शतकातलं इंग्लंडचं यादवी युद्ध पाहायला निघालेले बहुतेक जण लढायांची यादी घेऊन निघतात आणि तिसऱ्या मैदानावर कंटाळतात. मैदानात पाहण्यासारखं फारसं उरलेलं नाही. यादीऐवजी वंशावळीचा एक कागद सोबत ठेवावा, असं मी आग्रहाने सांगेन. ज्याच्या राज्यात हे युद्ध पेटलं त्या सहाव्या हेन्रीचं घर, सासर, सावत्र भाऊ आणि सरदारांची सोयरीक एकदा डोक्यात बसली, की प्रत्येक थडगं ओळखीचं वाटू लागतं.

मूळ भांडण वारसाचं. तिसऱ्या एडवर्डच्या हयात मुलांपैकी तिसऱ्याच्या, म्हणजे जॉन ऑफ गाँटच्या वंशात हेन्री. यॉर्कचा ड्यूक रिचर्ड वडिलांकडून चौथ्या मुलाच्या वंशातला, पण आईकडून दुसऱ्याच्या. थोरल्या पातीचा हक्क आपल्याकडे, असं तो म्हणू शकत होता. राजा खंबीर असता तर हा हक्क कागदावरच राहिला असता.

सुरुवात विंडसरपासून करा. हेन्रीचा जन्म याच किल्ल्यातला, 6 डिसेंबर 1421 चा. वडील गेले आणि नऊ महिन्यांचं मूल 31 ऑगस्ट 1422 ला इंग्लंडचा राजा झालं. दोन महिन्यांच्या आत आईचे वडील, फ्रान्सचा सहावा चार्ल्स, वारले आणि तिकडच्या मुकुटाचा दावाही याच बाळाकडे आला. या आजोबांना 1392 पासून वेडाचे झटके येत. ऑगस्ट 1453 मध्ये हेन्रीची शुद्ध हरपली, तेव्हा आजोळचा हा आजार सगळ्यांना आठवला असणार. सुमारे दीड वर्ष तो कुणाला ओळखत नव्हता. त्याच काळात, 13 ऑक्टोबरला, राणी मार्गारेटला मुलगा झाला. जानेवारी 1454 मध्ये बकिंगहॅमच्या ड्यूकने ते बाळ विंडसरला आणून राजासमोर धरलं आणि आशीर्वाद मागितला. राजा गप्प. मग राणीने स्वतः बाळ हातात घेऊन तेच केलं. त्याने एकदा बाळाकडे पाहिलं आणि नजर खाली वळवली. हा बकिंगहॅम लक्षात ठेवा, पुढे भेटणार आहे.

लंडनहून वॉटर्लू स्टेशनवरून विंडसरला थेट गाडी आहे, पॅडिंग्टनहून स्लाऊला बदलून आलात तर बहुधा लवकर पोचाल. मंगळवार-बुधवार किल्ला बंद असतो. रविवारी किल्ला उघडा असतो, पण सेंट जॉर्ज चॅपल पर्यटकांना बंद, फक्त प्रार्थनेसाठी खुलं. बरेच जण इथेच फसतात, कारण हेन्रीची कबर चॅपलमध्येच आहे. दक्षिणेच्या अंगाला एक काळी शिळा, तीच. आत फोटो काढता येत नाहीत. शिळेजवळची लोखंडी दानपेटी मात्र चुकवू नका. मृत्यूनंतर लोक हेन्रीला संत मानू लागले, दीडशेहून जास्त चमत्कार लिहून ठेवले गेले, आणि भाविकांची नाणी त्या पेटीत पडत. त्याच चॅपलच्या उत्तर बाजूला चौथा एडवर्ड आहे, हेन्रीला गादीवरून काढणारा, यॉर्कच्या रिचर्डचा मुलगा.

आता सेंट ऑल्बन्स. माझ्या मते या सगळ्या वाटेवरचं सर्वांत बोलकं ठिकाण हेच. सेंट पँक्रसहून जलद गाडीने वीस मिनिटं. गावात दोन स्टेशनं आहेत, लंडनची गाडी ‘सिटी’ला थांबते. बाहेर आल्यावर व्हिक्टोरिया स्ट्रीटने पश्चिमेकडे चढत जा. 22 मे 1455 ला यॉर्कची माणसं याच अंगाने, पूर्वेकडून, गावात घुसायला पाहत होती. राजाकडच्यांनी गल्लीच्या तोंडाशी आडकाठ्या लावून वाट अडवली होती, आणि अरुंद जागेत हल्ला करणाऱ्यांच्या संख्येचा उपयोग होईना. तेव्हा यॉर्ककडच्या वॉरिकच्या अर्लने गल्ल्या सोडल्या, घरांमागच्या परसांतून माणसं घातली आणि थेट बाजारपेठेत काढली. तिथे निशाणापाशी उभ्या असलेल्या राजाच्या मानेला बाण चाटून गेला. तासाभरात सगळं आटोपलं. व्हिक्टोरिया स्ट्रीट जिथे सेंट पीटर्स स्ट्रीटला मिळतो त्या कोपऱ्यावर राजाकडचा सॉमरसेटचा ड्यूक मारला गेल्याची पाटी आहे.

इथे वंशावळीचा कागद उघडा. नेव्हिल घराण्यातल्या तीन बहिणी : सिसिली यॉर्कला दिलेली, एलिनॉर नॉर्थम्बरलंडच्या अर्लला, ॲन बकिंगहॅमला. म्हणजे हे तिघे साडू. त्या सकाळी राजाच्या वतीने वाटाघाटी करत होता बकिंगहॅम. यॉर्कचा निरोप साडूकडून साडूकडे जात होता. दुपारपर्यंत नॉर्थम्बरलंड मेला होता आणि बकिंगहॅमच्या तोंडावर बाण लागला होता. यॉर्कच्या बाजूने लढणारा सॉल्सबरीचा अर्ल त्या बहिणींचा सख्खा भाऊ, तिघांचाही मेहुणा, आणि परसांतून घुसलेला वॉरिक त्याचा मुलगा. पडलेला सॉमरसेट या नेव्हिल भावंडांचा मामेभाऊ आणि राजाचा नात्याने चुलतकाका. मेलेल्यांची संख्या मोठी नव्हती. मारायचे कोण हे आधीच ठरलेलं होतं, आणि ते मारले गेल्यावर लढाई थांबली. यॉर्क राजापुढे गुडघे टेकून उभा राहिला, पण मेलेल्यांच्या मुलांना वडिलांचा सूड हवा होता. पुढची सहा वर्षं त्या सुडाने चालवली. बकिंगहॅम 1460 मध्ये नॉर्थहॅम्प्टनला राजाच्या तंबूपाशी मारला गेला. यॉर्क त्याच वर्षी 30 डिसेंबरला वेकफिल्डला, आणि त्यानंतर सॉल्सबरीही.

सॉमरसेट आणि नॉर्थम्बरलंड धरून तीन बड्या मृतांना इथल्या ॲबीच्या, म्हणजे मठाच्या चर्चच्या, लेडी चॅपलमध्ये पुरलं. आज ते कॅथीड्रल आहे, प्रवेशाला तिकीट नाही. संत ऑल्बनच्या समाधीच्या दक्षिणेला हेन्रीचा काका, ग्लॉस्टरचा ड्यूक हम्फ्री, याचं थडगं आहे. 1447 मध्ये दरबारातल्या विरोधकांनी त्याला अटक केली आणि थोड्याच दिवसांत तो वारला. राजाच्या रक्ताचा, औरस मुलाबाळांवाचूनचा हा काका गेल्यावर हेन्रीनंतर कोण, हा प्रश्न उघड्यावर आला आणि यॉर्कचं नाव पुढे सरकलं. थडगं लढाईच्या आठ वर्षं आधीचं, पण गोष्ट तिथूनच सुरू होते.

केंब्रिजला अर्धा दिवस पुरतो. किंग्ज कॉलेज हेन्रीने 1441 मध्ये काढलं आणि चॅपलचा पहिला दगड 25 जुलै 1446 ला बसवला. आत शिरण्याआधी बाहेरून भिंत नीट पाहा. खालचा पांढरट चुनखडीचा दगड यॉर्कशरचा, हेन्रीच्या काळातला. वरचा पिवळसर दगड नंतरचा. पूर्वेकडे पांढरा दगड बराच उंच जातो, पश्चिमेकडे उतरत येतो, कारण 1461 मध्ये हेन्रीची गादी गेली आणि काम थांबलं. 88 मीटर लांबीच्या या इमारतीचं बांधकाम 1515 ला पुरं केलं ट्यूडरांनी. कोण हे ट्यूडर? हेन्रीच्या आईने विधवा झाल्यावर ओवेन ट्यूडरशी संसार थाटला, त्या संसारातल्या एडमंडचा मुलगा म्हणजे सातवा हेन्री. सावत्र भावाच्या पोराने काकाचं काम हाती घेतलं, पण काकाची सूचना पाळली नाही. हेन्रीने 1448 मध्ये लिहून ठेवलं होतं की फार कोरीवकाम नको. पश्चिमेच्या अर्ध्या भागात आज मुकुटधारी गुलाब, ड्रॅगन आणि शिकारी कुत्रे दाटीवाटीने कोरलेले आहेत. परीक्षांच्या काळात आणि प्रार्थनेच्या वेळी प्रवेश बदलतो, निघण्यापूर्वी वेळ तपासा.

ट्युक्सबरी लांब आहे. ॲशचर्च स्टेशन गावापासून तीनेक किलोमीटर आणि गाड्या मोजक्या, म्हणून चेल्टनहॅमहून बस सोयीची. हिवाळ्यात जाऊ नका. सेव्हर्न आणि एव्हन इथे मिळतात, पूर आला की ब्लडी मेडोची पायवाट चिखलात जाते. 4 मे 1471 ला याच कुरणात मार्गारेटची शेवटची फौज कापली गेली आणि तिचा सतरा वर्षांचा एकुलता एक मुलगा एडवर्ड मारला गेला, तोच, ज्याच्याकडे बापाने एकदाच पाहून नजर वळवली होती. ॲबीत मुख्य वेदीपुढच्या जमिनीत त्याच्या नावाचं पितळी फलक आहे. तिथे उभं राहून मान वर करा : छतावर सोनेरी सूर्य आहेत. ते यॉर्क घराण्याचं चिन्ह, जेत्यांनी लढाईनंतर बसवलेलं. वेदीमागच्या तळघरात क्लॅरन्सचा ड्यूक जॉर्ज आणि त्याची बायको इझाबेल आहेत. इझाबेल आणि राजपुत्राची बायको ॲन या दोघी, पुढे बाजू बदलून हेन्रीकडे आलेल्या वॉरिकच्या मुली. क्लॅरन्स, चौथ्या एडवर्डचा भाऊ, त्या दिवशी राजपुत्राच्या शत्रूकडून लढत होता. एका पिढीनंतरचे हे साडू, एकाच छताखाली. भांडारखोलीच्या दाराला आतून रणांगणावरच्या चिलखतांचे पत्रे ठोकले आहेत असं सांगतात. ती खोली एरवी बंद असते, तिथल्या स्वयंसेवकांना विचारून पाहा.

शेवटी लंडनचा टॉवर. वेकफिल्ड टॉवरच्या वरच्या खोलीत एक छोटी प्रार्थनेची जागा आहे. 21 मे 1471 च्या रात्री हेन्री इथेच मेला असं सांगतात, त्याच दिवशी चौथा एडवर्ड विजयी होऊन लंडनात शिरला होता. मुलगा गेल्यावर बापाला जिवंत ठेवण्यात कुणालाच फायदा उरला नव्हता. दुःखाने मृत्यू झाला, हा एडवर्डच्या बाजूचा खुलासा मला पटत नाही. दरवर्षी 21 मे ला हेन्रीनेच काढलेल्या ईटन शाळेकडून लिली आणि किंग्ज कॉलेजकडून पांढरे गुलाब इथे ठेवतात. ही खोली राजवाड्याच्या जुन्या दालनांच्या एकेरी मार्गावर लागते आणि गर्दी पुढे ढकलत नेते. सकाळी उघडल्याबरोबर आधी इथे या, मुकुट आणि दागिने नंतर.

हाताशी एकच दिवस असेल तर सेंट ऑल्बन्स निवडा. तिथला घंटाघर-मनोरा 1403 ते 1412 मधला आहे, लढाईच्या दिवशी त्यातली घंटा वाजली होती. तो ईस्टर ते सप्टेंबर फक्त शनिवार-रविवारी आणि सुट्टीच्या दिवशी उघडतो. 93 पायऱ्या, जिना चिंचोळा. शनिवारी सेंट पीटर्स स्ट्रीटवर बाजार भरतो, तंबूंमुळे रस्त्याचा उतार दिसत नाही आणि कोपऱ्यावरची पाटीही झाकली जाते. म्हणून रविवारी जेवण करून निघा, तोवर कॅथीड्रलची सकाळची प्रार्थना संपलेली असते.