कापडी तंबूतला प्रभात

आमच्या वऱ्हाडात 'प्रभात' या जुन्या सिनेमा कंपनीचे नाव निघाले की पुण्याची आठवण होत नाही, यात्रेची होते. चांदूर बाजारकडच्या आमच्या गावातून पौष महिन्यात बहिरमच्या यात्रेला बैलगाड्या निघत. तिथे रोडगे आणि हंडीतले मटण जसे ठरलेले, तसा एका कडेला फिरत्या टॉकीजचा तंबूही ठरलेला असे. माझ्या आजीने आयुष्यात जे चार-दोन सिनेमे पाहिले ते अशाच तंबूत, जमिनीवर बसून पाहिले, आणि त्यांतल्या एकाविषयी ती शेवटपर्यंत 'सिनेमा पाहिला' असे कधी म्हणाली नाही. ती म्हणे, "ह्या डोयानं तुकोबाले वैकुंठाले जातांनी पायलं म्या."

आजीचे हे वाक्य भाबडेपणाचे आहे, असे मला कॉलेजात असताना वाटत असे. पुढे प्रभात फिल्म कंपनीविषयी वाचत गेलो तेव्हा लक्षात आले, की कंपनीच्या कारागिरांनी जे साधायचे म्हणून अपार कष्ट उपसले, ते आजीने एका ओळीत सांगून टाकले होते.

1 जून 1929 रोजी कोल्हापुरात कंपनी सुरू झाली. विष्णुपंत दामले, शेख फत्तेलाल, व्ही. शांताराम आणि केशवराव धायबर हे चौघे बाबूराव पेंटरांच्या महाराष्ट्र फिल्म कंपनीत तयार झालेले, आणि पाचवे भागीदार सीताराम कुलकर्णी यांनी भांडवलाची बाजू सांभाळली. दामले आणि फत्तेलाल हे मुळात रंगाच्या आणि हत्यारांच्या सहवासात वाढलेले लोक. पडदे रंगवणे, देखावे उभारणे, यंत्र खोलून पुन्हा जोडणे यांत त्यांची हयात गेली. आमच्याकडे गावातला सुतार जसा वखर दुरुस्त करता करता लग्नाचा मांडवही घालतो, तशी ही माणसे होती. बोलपट आला तेव्हा दामल्यांनी ध्वनिमुद्रणाचे तंत्र हाती घेतले, आणि 1932 मध्ये 'अयोध्येचा राजा' हा पहिला मराठी बोलपट प्रभातने पडद्यावर आणला. गोविंदराव टेंबे आणि दुर्गाबाई खोटे त्यात होते. हिंदी आवृत्तीही सोबतच निघाली.

ही दोन भाषांची पद्धत प्रभातने पुढेही चालू ठेवली. 'कुंकू' हिंदीत 'दुनिया ना माने' झाला, 'माणूस' 'आदमी' झाला, 'शेजारी' 'पडोसी' झाला. आम्ही तेव्हा महाराष्ट्रात नव्हतो, मध्यप्रांत व वऱ्हाडात होतो. राजधानी नागपूर, आणि कारभारात हिंदी व मराठी शेजारी नांदत. त्यामुळे एकच गोष्ट दोन्ही भाषांत सांगणारी कंपनी आमच्या मुलखाला परकी वाटण्याचे कारण नव्हते. सिनेमाच्या धंद्यात 'सी. पी. बेरार' हा वितरणाचा वेगळा विभाग मानला जातो आणि अमरावती हे त्याचे एक जुने ठाणे आहे. त्याच अमरावतीत एक प्रभात चौक आहे आणि एक राजकमल चौकही आहे. 1942 मध्ये शांतारामांनी प्रभात सोडून मुंबईत राजकमल कलामंदिर उभारले, ती फारकत मला या दोन चौकांमधून रिक्षाने जाताना दर वेळी आठवते.

1933 मध्ये कंपनी पुण्याला गेली. तिथे स्वतःचे शूटिंगचे भव्य दालन, रसायनशाळा, सुतारकामाचे आणि कपड्यांचे विभाग असे सगळे एकाच आवारात होते. नट-नट्या महिन्याच्या पगारावर असत. दिग्दर्शकापासून रंगाऱ्यापर्यंत सगळे एकाच छपराखाली रोज भेटत असल्यामुळे त्या चित्रपटांत एकाच घरातल्या भांड्यांसारखे साम्य आहे. नऊवारी नेसून तुतारी फुंकणारी स्त्री हे त्यांचे बोधचिन्ह, आणि ती दिसली की तंबूतले लोक गप्प होत, असे वडील सांगत.

प्रभातचा इतिहास बहुधा शांतारामांच्या अंगाने लिहिला जातो, आणि त्यात अन्याय आहे असे नाही. 'कुंकू'मध्ये म्हाताऱ्या विधुराशी फसवून लग्न लावलेली नीरा तो संसार मान्यच करत नाही, हे 1937 साली दाखवणे सोपे नव्हते. ना. ह. आपट्यांच्या कादंबरीवरून घेतलेली ती कथा आमच्या भागातल्या घराघरांत नावे बदलून घडत होती. शांता आपटे आणि केशवराव दाते यांनी ती विलक्षण ताकदीने उभी केली. तरीही, गावाच्या दृष्टीने विचार केला तर मी दामले-फत्तेलाल या जोडीचे पारडे जड मानतो.

1936 चा 'संत तुकाराम' या दोघांनी दिग्दर्शित केला. पटकथा शिवराम वाशीकरांची. तुकारामाच्या भूमिकेत विष्णुपंत पागनीस, जे रंगभूमीवर स्त्रीभूमिका करत आलेले होते. मुंबईत तो वर्षाहून अधिक काळ एकाच चित्रपटगृहात चालला आणि 1937 मध्ये व्हेनिसच्या महोत्सवात त्याचा गौरव झाला. मला मात्र त्याचे खरे यश वेगळ्याच ठिकाणी दिसते. आमच्या गावच्या भजनी मंडळात 'आधी बीज एकले' हे पद तुकोबांचा अभंग म्हणून वर्षानुवर्षे गायले जाते. ते शांताराम आठवल्यांनी या चित्रपटासाठी लिहिले, हे मी एकदा पेटीवाल्या काकांना सांगितले, तेव्हा त्यांनी माझ्याकडे अशा नजरेने पाहिले की मी पुन्हा तो विषय काढला नाही. पेरणीवर ज्यांचे वर्ष ठरते त्या माणसांनी बीजाचे पद आपल्या संताच्या नावावर जमा केले, यात त्यांची काही चूक आहे असे मला वाटत नाही.

फत्तेलालांना स्टुडिओत 'साहेबमामा' म्हणत. तुकारामाची देहू आणि नंतर ज्ञानेश्वरांची आळंदी या मुसलमान कलावंताच्या नजरेतून उभी राहिली, आणि तंबूतल्या कोणालाही ती खोटी वाटली नाही. गावाच्या भिंती सारवलेल्या वाटतात, अंगणात माणसांचा वावर आहे, जात्याला जात्याचे वजन आहे. चमत्कारसुद्धा अशाच ओळखीच्या घरात घडतात, म्हणून ते पटतात.

आणि जिजाई. गौरी नावाची अभिनेत्री, स्टुडिओतल्या किरकोळ कामांतून पुढे आलेली. नवरा देवाच्या नादी लागलेला, पोरे उपाशी, आणि तिचा सगळा राग विठ्ठलावर. पोर आजारी पडते तेव्हा ती पायतण उचलून थेट देवळात जाते. कीर्तनकार ज्या बाईला कजाग म्हणून हसण्यापुरती आणत, तिला प्रभातने संसाराचा पूर्ण भार दिला आणि तिची बाजू ऐकून घेतली.

पुढचे झपाट्याने घडले. शांताराम कंपनी सोडून गेले, 1945 मध्ये दामले वारले, आणि 1950 नंतरच्या दोन-चार वर्षांत कंपनी बंद पडली. 1960 मध्ये त्याच आवारात सरकारने चित्रपटशिक्षणाची संस्था सुरू केली. एकदा पुतण्याच्या प्रवेशाच्या कामासाठी पुण्याला गेलो असताना मी तिथे डोकावलो. शूटिंगचे ते जुने दालन अजून वापरात आहे. कापसाचे जिन असते तसे उंच, आडवेतिडवे लाकूड लावलेले, आत शिरताच आवाज घुमतो.

गेल्या कार्तिकी एकादशीला आम्ही गावच्या समाजमंदिरात पांढरी चादर ताणून 'संत तुकाराम' दाखवला. पोरे मध्येच उठून गेली, म्हातारी माणसे बसून राहिली. शेवटी गरुड येतो, तुकोबा जिजाईला सोबत चल म्हणून हाक मारतात, आणि ती लेकरांचे कोण करणार म्हणून घरातच राहते. विमान वर गेल्यावर काही जणांनी हात जोडले. माझ्या शेजारी बसलेल्या चुलतीने पदर सावरला आणि पडद्याकडे पाहातच म्हणाली, "बराबर केलं तिनं. लेकरायले जेवू कोनं घातलं असतं?"