घर चार बेडरूमचं, जमीन तीनचीच

पेनसिल्व्हेनियाच्या पोकोनोज डोंगरांतलं घर. न्यू जर्सीतल्या एडिसनच्या एका मराठी जोडप्याला ते घेऊन भाड्याने द्यायचं होतं. त्याची सांडपाण्याची व्यवस्था मी तपासली. जाहिरातीत चार बेडरूम, सेप्टिक म्हणजे सांडपाण्याची टाकी आणि चर रंगचाचणीत पास: नळातून सोडलेला रंग जमिनीवर आला नाही. पण घर कित्येक महिने बंद होतं. बंद घराचे शोषचर, म्हणजे टाकीतलं पाणी मातीत जिरवणारे चर, कोरडे पडतात. रंग घालून तास-दोन तास नळ सोडले तरी वर काही येत नाही. अशा निकालावर मी विसंबत नाही.

टाउनशिपच्या, म्हणजे स्थानिक प्रशासनाच्या, फाइलमध्ये परवाना तीन बेडरूमचा होता: दिवसाला 400 गॅलन सांडपाणी. चौथी बेडरूम तळघरात मागाहून काढलेली. तिचे आणखी 100 गॅलन कुठेच धरलेले नव्हते. चर उघडले तर काळ्या चिकट थराने बुजलेले.

मग मातीचा खड्डा खणला. पाण्याचा थेंब नव्हता, पण 26 इंचांवर करडे आणि तांबूस डाग दिसले. खाली इतका घट्ट थर होता की बर्फ वितळल्यावर पाणी त्यावर तुंबून राहतं. डाग त्याचेच. इथल्या नियमाने जमिनीखालच्या साध्या चरांना अशा डागांपर्यंत 60 इंच माती लागते, वाळूच्या उंचवट्याला, म्हणजे जमिनीवर वाळू रचून त्यातून सांडपाणी जिरवायला, निदान 20. नळ्यांखालच्या खडीच्या तळापासून डागांपर्यंत 48 इंच हवेत, म्हणजे इथे 22 इंच वाळू. वर खडी, नळ्या, माती. परसात कमरेइतका ढिगारा उभा राहणार.

खरी अडचण जागेची. कोणत्याही विहिरीपासून, शेजाऱ्याच्यासुद्धा, 100 फूट सोडायचे. उरलेल्या तुकड्यात 400 गॅलनचा उंचवटा बसत होता, 500 चा नाही.

तो तुकडा त्याच दिवशी दोरी लावून बंद करायला सांगितलं. ओल्या मातीवरून एक ट्रक गेला तरी ती दबते आणि जागा बाद होते. वाळू टाकण्याआधी माती उताराला आडवी नांगरायची, तीही सुकी असताना. हातात वळून तिची वात होत असेल तर काम थांबवायचं. वाळू धुतलेलीच हवी, बारीक गाळ राहिला तर उंचवटा तुंबतो. सांडपाणी उंचवट्यावर चढवणारा पंप आणि टाकी भरल्याचा अलार्म वेगवेगळ्या सर्किटवर, नाहीतर पंपाने ब्रेकर पडला की अलार्मही गप्प. सुट्टीला आलेल्या भाडेकरूंना टाकी भरल्याचं कळणार कसं?

जोडप्याने भाड्याचा हिशेब तीन बेडरूमवर मांडला. करारात अट घातली: सहा खड्ड्यांची पाझर चाचणी (माती पाणी किती वेगाने जिरवते ते पाहणारी) आणि परवाना हाती आल्याशिवाय व्यवहार पक्का नाही.